‘देह’ आणि ‘आत्मा’ : पौलाच्या एका प्रकरणाच्या मराठी रूपांचें परीक्षण

ख्रिस्ती मराठी वाङ्मयाचे जुने कागद आपल्या संग्राहकांच्या हातीं आले म्हणजे त्यांची परीक्षा बहुधा तीन अंगांनीं होते : लिपि कोणती, कागद कोठला आणि साल कोणतें. आंत सांगितलें आहे काय, हा प्रश्न शेवटीं येतो, आणि पुष्कळदां येतच नाहीं. ‘पाद्र्यांचा उपदेश’ एवढी नोंद होऊन पोथी बासनांत परत जाते. परंतु उपदेशाचा नेमका मजकूर हाच कित्येकदां पोथीचें कूळ ओळखण्याचें खात्रीचें साधन असतो. आणि तो मजकूर न समजतां लिहिलेली नोंद वाचकाला चुकीच्या वाटेला लावते. हें एका उदाहरणानें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरण घेतलें आहे तें पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५ व्या अध्यायांतील १६ ते २५ या वचनांचें. पापवासनांचा प्रतिकार कसा करावा आणि आत्म्याच्या चालीनें कसें चालावें, याविषयींच्या ख्रिस्ती शिकवणीचा हा गाभा होय. या शिकवणीला मराठींत ४०० वर्षांहून अधिक इतिहास आहे. आणि त्या इतिहासांत ‘देह’ व ‘आत्मा’ या दोन शब्दांनीं जेवढी सोय केली, तेवढाच घोटाळाहि केला, असें आमचें मत आहे.

१. प्रकरणाचा आशय

गलतिया हा आशिया मायनरचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा, मध्यभाग. इ. स. ५० च्या सुमारास तेथील नव्या ख्रिस्ती मंडळ्यांत एक वाद पेटला होता. जे जन्मानें यहूदी नव्हते त्यांनीं सुंता करून घेऊन मोशेचें नियमशास्त्र पाळावें कीं नाहीं, हा तो वाद. पौलाचें उत्तर स्पष्टपणें नकाराचें होतें. परंतु त्या उत्तरांतून दुसरा प्रश्न उभा राहतो : नियमाचें कुंपण काढलें, तर वासनांना आवरणार कोण? या प्रश्नाचें उत्तर म्हणून हें प्रकरण लिहिलें आहे. पौल नवे नियम घालून देत नाहीं. देवानें दिलेल्या आत्म्याच्या चालीनें चाला, म्हणजे वासनांची तृप्ति करण्याकडे तुमचा ओढा राहणार नाहीं, असें तो सांगतो. दोन्ही शक्ति एकमेकींविरुद्ध आहेत, हें तो लपवीत नाहीं. म्हणूनच ही शिकवण संग्रामाची आहे, निवांतपणाची नव्हे. पुढें तो एका बाजूची ‘कर्में’ व दुसऱ्या बाजूचें ‘फळ’ मोजून दाखवितो. ‘कर्में’ हा शब्द अनेकवचनी आणि ‘फळ’ हा एकवचनी आहे, ही गोष्ट भाषांतरकारानें कटाक्षानें राखली पाहिजे. कर्में सुटीं सुटीं करतां येतात. फळ एकाच झाडावर, एकाच रसानें पिकतें.

आतां कर्मांची यादी पाहूं. आज मान्य असलेल्या ग्रीक पाठांत तींत १५ नांवें आहेत. पहिलीं ३ स्त्रीपुरुषसंबंधांतील अनाचाराचीं, पुढचीं २ मूर्तिपूजा व चेटूक यांचीं, आणि शेवटचीं २ मद्यपान व धांगडधिंगा यांचीं. मधलीं ८ कसलीं आहेत? वैर, भांडण, ईर्षा, संताप, स्वार्थी चढाओढ, फुटी, तट आणि हेवा. म्हणजे निम्म्याहून अधिक यादी कलहाची आहे. यादीच्या अगोदर थोड्याच ओळींवर, तुम्ही एकमेकांना चावून खात आहां, सांभाळा, अशी कानउघाडणी पौलानें केली आहे. तिच्याशीं या आठ नांवांचा थेट संबंध आहे. धर्मनियमाचा कडक कैवार घेणारे आणि त्या कैवारापायीं मंडळी फोडणारे हे लोकहि त्याच्या हिशेबीं ‘देहा’च्याच कर्मांत गुंतलेले होते. ही गोष्ट ध्यानांत घेतल्यावांचून पुढील चर्चेचें मर्म कळणार नाहीं.

२. यादीचा आंकडा आणि पोथीचें कूळ

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला या यादींत विशेष रस वाटावा असें कारण आहे. एरास्मसनें १५१६ सालीं ग्रीक नवा करार छापला, तेव्हांपासून पुढें रूढ झालेल्या पाठांत कर्मांची संख्या १७ आहे. १५ व १७ यांतील फरक दोन शब्दांचा : आरंभींचा ‘व्यभिचार’ आणि हेव्याच्या पाठोपाठ येणारा ‘खून’. दुसऱ्या शब्दाची कथा मोठी बोधप्रद आहे. हेव्याला ग्रीकमध्यें ‘फ्थोनोय’ आणि खुनांना ‘फोनोय’ म्हणतात. लिहितांना दोहोंत एका अक्षराचाच फरक. लेखनिकाची नजर एकावरून दुसऱ्यावर घसरून मूळचा ‘खून’ गळला, किंवा रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायांत हे दोन शब्द लागोपाठ आलेले आठवून कोणी तो येथें घातला, असे दोन्ही तर्क संभवतात. इ. स. २०० च्या सुमाराची, पौलाच्या पत्रांची जी पपायरस पोथी आज डब्लिन येथें व अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांत मिळून ८६ पानांची शिल्लक आहे, तींत ‘खून’ हा शब्द नाहीं. सिनाय व व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध पोथ्यांतहि तो नाहीं. अलेक्झांड्रियाच्या पोथींत मात्र आहे. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांत सारखीं दिसणारीं अक्षरें काय उत्पात करतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना या प्रकाराची नवलाई वाटणार नाहीं.

फळाच्या यादींतहि असाच भेद आहे. ग्रीक पाठांत ९ नांवें आहेत. रोमन चर्चनें १५९२ सालीं अधिकृत केलेल्या लॅटिन आवृत्तींत १२ आहेत. लॅटिन परंपरेंतील धर्मशिक्षण या १२ फळांवरच रचलेलें आहे. थॉमस अक्वायनस यानेंहि १२ च धरून विवेचन केलें आहे.

यांतून आपल्या कामाची एक कसोटी हातीं येते. गोव्यांतील जेझुइट लेखक लॅटिन आवृत्तीवर वाढलेले. तेव्हां त्यांच्या परंपरेच्या कागदांत, मग ते रोमी लिपींत असोत वा नागरींत, फळें १२ असणें स्वाभाविक. उलट विल्यम केरीनें वैजनाथ शर्मा या पंडितांच्या साहाय्यानें सिद्ध करून १८११ सालीं श्रीरामपुरास छापलेला नवा करार, किंवा अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८२६ सालीं मुंबईस छापलेला नवा करार, हे ग्रीकवरून केलेले. त्यांच्या कुळांत फळें ९ आणि, १८८१ पूर्वींच्या रूढ पाठाप्रमाणें, कर्में १७ अपेक्षावीं. आद्यंतीं फाटलेली, सालाचा पत्ता नसलेली एकादी वही हातीं आली, तर प्रथम फळें मोजावीं. आंकड्यानें काल ठरत नाहीं, हें खरें. मागाहूनच्या हातानेंहि जुनी यादी उतरून घेतलेली असूं शकते. पण मूळ कोठलें, तें बहुधा ठरतें.

३. ‘देह’ या शब्दाचा दोष

पौलाचा मूळ शब्द ‘सार्क्स’. त्याचा वाच्यार्थ मांस. मराठी भाषांतरांत त्यासाठीं ‘देह’ हा शब्द रूढ झाला आणि त्यावरून ‘देहवासना’ व ‘देहस्वभाव’ हे समासहि आले. ‘देह’ शब्द ऐकतांच मराठी वाचकासमोर शरीर उभें राहतें, आणि तेवढ्यावरून तो ताडतो कीं, ख्रिस्ती लोक शरीराला पापाचें मूळ समजतात. उपासतापासानें तें झिजविणें हाच त्यांचा मार्ग. हा समज परधर्मीयांपुरताच आहे असें नाहीं. कित्येक ख्रिस्ती उपदेशकांच्याहि लेखांत तो उतरला आहे.

पण वर दिलेल्या आठ नांवांसमोर हा अर्थ टिकत नाहीं. हेव्याला पोट नाहीं, आणि तट पाडण्यासाठीं इंद्रियें लागत नाहींत. हा आक्षेप नवा नव्हे. सेंट ऑगस्टिननें इ. स. ४१३ ते ४२६ या काळांत लिहिलेल्या ‘देवाचें नगर’ या ग्रंथाच्या १४ व्या भागांत नेमकें हेंच प्रकरण घेऊन दाखविलें आहे कीं, येथें ‘मांस’ म्हणजे आपल्याच तंत्रानें जगूं पाहणारा समग्र मनुष्य. आणि सैतानाला तर शरीरच नाहीं, तरी गर्व व मत्सर यांत तो अग्रेसर आहे. खुद्द पौलाच्या नांवावरील कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायांतहि, हें शिवूं नको, तें चाखूं नको, अशा नियमांनीं शरीराला जाच होतो पण ‘सार्क्स’ची हांव आटोक्यांत येत नाहीं, असा अभिप्राय आहे. ज्या लेखकाला शरीर हाच शत्रु वाटला असता, त्यानें असें लिहिलें नसतें.

मग मराठींत याहून चांगला शब्द होता काय? संतवाङ्मयांतील ‘देहबुद्धि’ हा शब्द प्रथम सुचतो. समर्थांच्या व एकनाथांच्या वाचकांना तो परिचित आहे, आणि दोष देहांत नसून ‘मी देहच’ या बुद्धींत आहे, असा विवेक त्यांत आधींच केलेला आहे. तेवढ्यापुरता तो पौलाच्या अर्थाच्या ‘देहा’पेक्षां जवळ येतो. परंतु देहबुद्धि हें अज्ञान होय आणि ज्ञानानें तें जातें, असा त्याच्या मागचा सिद्धान्त आहे. पौलाचें ‘सार्क्स’ हें अज्ञान नव्हे, बंड आहे. तें जाणून घेऊन जात नाहीं, तें वधस्तंभावर खिळावें लागतें. म्हणून ‘देहबुद्धि’ हा शब्द टीकेंत समजावण्यास उपयोगी, मूळांत घालण्यास धोक्याचा. तीन रूढ शब्दांत ‘देहस्वभाव’ हाच आम्हांस सर्वांत निर्दोष वाटतो. तो सर्वत्र वापरला असता तर निम्मा घोटाळा मिटला असता. पण एकाच ग्रीक शब्दासाठीं कोठें ‘देह’, कोठें ‘देहवासना’, कोठें ‘देहस्वभाव’ असें केल्यानें, हें सर्व एकाच गोष्टीविषयीं चाललें आहे, हें वाचकाच्या लक्षांत येत नाहीं.

षड्रिपूंशीं या यादीचा मेळ घालण्याची चाल उपदेशकांत आहे. तिचीहि मर्यादा सांगितली पाहिजे. काम, क्रोध, लोभ, मद आणि मत्सर यांना लॅटिन परंपरेंतील सात मूळ पापांत ढोबळ जोड सांपडते. मोहाला सांपडत नाहीं, आणि तिकडील खादाडपणा व आळस यांना इकडे जागा नाहीं. पण महत्त्वाचा भेद निराळाच आहे. षड्रिपु काय किंवा सात पापें काय, दोन्ही एकेकट्या जीवाच्या अंतःकरणाचा हिशेब मांडतात. पौलाची यादी मंडळी फोडणाऱ्या दोषांनीं भरलेली आहे. तट व फुटी यांना रिपूंच्या यादींत स्थान नाहीं. ही यादी षड्रिपूंत बसविली कीं नेमका तिचा निराळेपणाच गळून जातो.

४. ‘आत्मा’ या शब्दाचा दोष

दुसरा शब्द ‘न्यूमा’, मराठींत ‘आत्मा’. येथें दोष अधिक खोल आहे. आपल्याकडे आत्मा म्हणजे जीवाचें निजस्वरूप. तें कोणी देत नाहीं, तें असतेंच. पौलाचा ‘न्यूमा’ हा मनुष्याचा नव्हे. तो देवाचा, बाहेरून दिलेला. ‘आत्म्याच्या प्रेरणेनें चाला’ या अर्थाचें वाक्य अद्वैताच्या संस्कारांत वाढलेल्या वाचकाच्या कानावर पडलें, तर तो ‘आपल्या अंतरात्म्याचें ऐका’ असा अर्थ घेईल, आणि तो मूळाच्या जवळजवळ उलट होईल.

या अडचणीचा एक भाग लिपीचाहि आहे. नव्या ग्रीक व रोमी छपाईंत मोठ्या अक्षरानें देवाचा आत्मा व मनुष्याचा आत्मा वेगळा दाखवितां येतो. नागरींत तशी सोय नाहीं. म्हणून ‘पवित्र’ हें विशेषण जोडावें लागतें, आणि जेथें मूळांत तें नाहीं तेथें भाषांतरकार पेंचांत पडतो. परंतु प्राचीन ग्रीक लेखनिकांपाशींहि असा अक्षरभेद नव्हता. ते ‘न्यूमा’ हा शब्द तीन अक्षरांत आंखडून वर आडवी रेघ देत. पूज्य नामें लिहिण्याची ती रीत होती, आणि वर सांगितलेल्या पपायरस पोथींतहि ती आढळते. म्हणजे नागरी लेखनिकाची अडचण ही पोथीइतकीच जुनी आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ येथें फार महत्त्वाचें ठरतें. हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं वारले. सुमारें ११ हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें रोमी लिपींत छापला गेला. त्या छापाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १९०७ सालीं जोसेफ साल्डान्हा यांनीं मंगळूर येथें रोमी हस्तलिखितांवरून काढलेल्या आवृत्तींत ‘स्पिरितु सांतु’ यासारखे पश्चिमी धर्मशब्द जसेच्या तसे ठेवलेले दिसतात. ओवीच्या ओघांत ते खड्यासारखे लागतात, आणि रसिकांनीं त्याबद्दल कवीला दोष दिला आहे. परंतु अर्थाच्या दृष्टीनें पाहतां या परक्या शब्दानें एक काम चोख केलें आहे : हा आपला ओळखीचा ‘आत्मा’ नव्हे, हें तो श्रोत्याला क्षणोक्षणीं बजावतो. गोडी गेली, पण गैरसमज टळला.

आतां लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील नागरी पोथीकडे वळूं. जस्टिन ॲबट यांनीं १९२३ सालीं ती उजेडांत आणली आणि हाच मूळ पाठ असें प्रतिपादिलें. त्या पोथींत पश्चिमी धर्मशब्दांच्या जागीं संस्कृत घडणीचे शब्द येतात. ॲबट यांच्या शोधाचें महत्त्व निर्विवाद आहे. पण त्यांचा निर्णय आम्हांस घाईचा वाटतो. मूळ संस्कृत शब्द छापखान्यांत धर्माधिकाऱ्यांच्या आग्रहानें बदलले गेले, हें जसें शक्य, तसेंच मूळचे परके शब्द पुढील काळच्या एकाद्या मराठी पंडितानें वाचकांच्या सोयीसाठीं संस्कृत केले, हेंहि शक्य. कोणता शब्द मराठीला शोभतो, हा अभिरुचीचा प्रश्न आहे. पाठाचा पुरावा नव्हे.

पुरावा हवा असल्यास तो यमकांत शोधावा. ओवीचे चरण अक्षरसंख्येला सैल असल्यामुळें छंदावरून निर्णय होणार नाहीं. पण पहिल्या तीन चरणांच्या अंतीं यमक आहे. ज्या ओव्यांत वादग्रस्त धर्मशब्द यमकस्थानीं पडला आहे, तेवढ्या दोन्ही पाठांतून वेगळ्या काढाव्या आणि कोणत्या शब्दानें यमक सरळ जुळतें, कोणत्यानें ओढून आणावें लागतें, तें पाहावें. असे १०–२० निःसंदिग्ध दाखले एकाच बाजूला झुकले, तर वाद पुष्कळ मिटेल. १९५६ सालची बांदेलू यांची नागरी आवृत्ति आणि त्यानंतरच्या आवृत्त्या हाताशीं असतां हें काम एका माणसाच्या आवांक्याबाहेरचें नाहीं.

५. कथेनें केलेली दुरुस्ती

शब्दांत राहिलेली उणीव स्टीफन्स यांच्या कथारचनेनें बरीच भरून काढली आहे. आदामाच्या पतनापूर्वीं लूसिफर या देवदूताचें पतन त्यांनीं पहिल्या पुराणाच्या आरंभींच्या भागांत सांगितलें आहे. पहिलें पाप अशरीरी दूताच्या गर्वांतून घडलें, हें ज्या श्रोत्यानें आधीं ऐकलें, तो पाप शरीरांतून उपजतें असें मानणार नाहीं. ऑगस्टिनचा युक्तिवाद येथें कथेच्या रूपानें गोव्याच्या खेड्यांत पोंचला. ‘ख्रिस्तपुराणा’चे परीक्षक या प्रसंगाकडे पौराणिक वर्णनाचा नमुना म्हणून पाहतात, आम्हांस तो ग्रंथाच्या नीतिशिक्षणाचा पाया वाटतो. १९ व्या शतकांतील भाषांतरकारांना ही सोय नव्हती. त्यांनीं पत्र दिलें. पत्राच्या मागची कथा वाचकानें स्वतः जोडावी लागली.

पंडिता रमाबाईंचा प्रयत्नहि याच दिशेनें पाहावा. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनीं एकटीनें केलेलें संपूर्ण भाषांतर, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं, केडगांवच्या मुक्तिसदनांतून प्रसिद्ध झालें. सामान्य बायामाणसांना समजेल अशी साधी मराठी, हा त्यांचा कटाक्ष होता. त्याच मुक्तिसदनांत १९०५ सालीं प्रार्थना, रुदन आणि पापांची कबुली यांची मोठी लाट आली होती. तेव्हां ‘आत्मा’ हा शब्द तेथील बायांना कोशांतून शिकावा लागला नाहीं. मात्र पौलाच्या प्रकरणाची कसोटी अशा लाटेलाहि लागू आहे. आवेश किती आला, हें तो विचारीत नाहीं. प्रीति, सहनशीलता आणि सौम्यता मागें उरली काय, हें विचारतो. शेवटच्या वचनांत तर तो ‘चालणें’ यासाठीं निराळेंच क्रियापद योजतो. त्याचा अर्थ ओळीनें, दुसऱ्याच्या पावलाशीं पाऊल जुळवून चालणें. प्रचलित भाषांतरांत दोन्ही ठिकाणीं बहुधा ‘चालणें’च येतें आणि ही सोबतीची छटा हरवते. धांवण्याला आवेश पुरतो. ओळ धरून रोज चालण्याला शील लागतें.

६. समारोप

संग्राहकांना विनंति एवढीच. या विषयावरील जुना कागद हातीं आल्यास तीन गोष्टी टिपून ठेवाव्या : कर्में किती व फळें किती, ‘सार्क्स’साठीं शब्द कोणता, आणि ‘न्यूमा’साठीं शब्द देशी कीं परका. तिन्ही मिळून पोथीचें कूळ, तिच्या लेखकाचें शिक्षण आणि तिच्या श्रोत्यांची समजूत, यांवर जेवढा प्रकाश पडेल तेवढा कागदाच्या जलचिन्हानेंहि कदाचित् पडणार नाहीं.

आणि एक गोष्ट, विषयानेंच पुढें आणली म्हणून. या प्रकरणाला मराठी वाचक ‘देह’ शब्दामुळें दुसऱ्यांच्या चैनीवरचा उपदेश समजत आला. त्यांतील आठ नांवें पुन्हा एकदां शांतपणें वाचावीं. ईर्षा, चढाओढ, तट, हेवा! ज्या घरांत मद्याचा थेंब नाहीं आणि पोथ्यांनीं माड्या भरलेल्या आहेत, तेथेंहि या आठांचा वावर असूं शकतो. दुसऱ्याच्या हातीं लागेल म्हणून दडवून ठेवलेली आणि शेवटीं कसरीच्या स्वाधीन झालेली पोथी, हें पौलाच्या अर्थानें ‘देहा’चेंच कर्म होय. तें ओळखण्यास ख्रिस्ती असण्याची आवश्यकता नाहीं. प्रकरण नीट वाचलें म्हणजे पुरे.